चरवी आणि साखरेचा डबा

आमच्या सीमाभागात काही इंग्रजी शब्द इतके मुरले आहेत की ते मराठी म्हणावेत की कानडी, असा वाद घालायला कोणी जात नाही. 'लिव्हर' हा त्यांतलाच एक. मराठी पुस्तकात त्याला यकृत म्हणतात, कानडी पुस्तकात पित्तजनकांग म्हणतात, मटणाच्या दुकानात काळीज म्हणतात. पण घरातले मूल आजारी पडले की निपाणीपासून बेळगावपर्यंत दोन्ही भाषांतल्या म्हाताऱ्या बायका 'लिव्हर' एवढेच म्हणतात, आणि म्हणताना आवाज खाली आणतात. आवाज खाली का येतो, हे मला गेल्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हते.

गेल्या पावसाळ्यात माझ्या बारा वर्षांच्या भावाचे पोट दुखू लागले म्हणून त्याची सोनोग्राफी केली. दुखणे जंतांचे निघाले आणि औषधाने चार दिवसांत थांबले. पण अहवालात जाता जाता एक ओळ होती : यकृतात चरबी, ग्रेड वन. भावाला आयुष्यात पहिल्यांदाच 'फर्स्ट ग्रेड' मिळाल्यामुळे तो खूष होता. रक्त तपासले तेव्हा एसजीपीटी ७८ निघाले. कागदावर वरची मर्यादा ४० छापलेली होती. डॉक्टर म्हणाले, "घाबरण्यासारखं नाही, पण सोडून देण्यासारखंही नाही." आम्ही घरी येऊन हे सांगितले, तेव्हा शेंगा फोडत बसलेली आजी एकदम थांबली. "लिव्हर म्हणाले का?" तिने विचारले, आणि मग दिवसभर कोणाशी बोलली नाही.

आजीचे पहिले मूल 'लिव्हर'ने गेले होते, हे आम्हा भावंडांना त्या रात्री आईकडून कळले. साल १९७१. मुलगा दीड वर्षाचा. त्याचे पोट फुगले, अंगात बारीक ताप राहू लागला, सारखा चिडचिड करी, पुढे डोळे पिवळे झाले. हात लावला तर बरगडीखाली फळीसारखे घट्ट लागत असे. निपाणीचे डॉक्टर झाले, झाडपाला झाला, मद्रासहून येणारे जम्मीचे लिव्हरचे औषध झाले, दृष्ट काढून झाली. चार महिन्यांत तो गेला. आजीच्या सासूने त्यावर एक निकाल देऊन ठेवला होता : आईचे दूध बाधले. हा निकाल नंतर कोणी बदलला नाही, आणि आजीनेही तो कधी उलटून विचारला नाही.

म्हणून तिला भावाच्या कागदावरचा तो शब्द ऐकून जे वाटले ते आम्हाला उशिरा समजले. तिच्या काळजात 'लिव्हर' याचा अर्थ एकच होता.

मी प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी. यकृतातल्या चरबीविषयी वाचावे म्हणून सरांकडून काही लेख मागून घेतले. त्यांत मला दोन वेगळे आजार सापडले, आणि गंमत अशी की दोघांच्याही इतिहासात १९८३ हे साल येते.

त्या वर्षी अमेरिकेत काही डॉक्टरांनी लठ्ठ मुलांच्या यकृतात चरबी साचून दाह झाल्याचे लिहिले. तोपर्यंत हे दारू पिणाऱ्या प्रौढांचे दुखणे समजले जाई. दारू न पिणाऱ्यांतही ते होते असे सांगून त्याला वेगळे नाव दिल्यालाही तेव्हा तीनच वर्षे झाली होती. यकृताच्या शंभरातल्या पाचाहून अधिक पेशींत चरबी दिसू लागली की त्याला हा आजार म्हणतात. सोनोग्राफीला थोडी चरबी दिसतच नाही. बरीच साचल्यावरच ती 'ग्रेड वन' म्हणून उजेडात येते. म्हणजे भावाच्या पहिल्या श्रेणीत फुशारकी मारण्यासारखे काही नव्हते. आपल्या देशातल्या निरनिराळ्या पाहण्या एकत्र करून २०२२ साली एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात लठ्ठ मुलांपैकी निम्म्याहून अधिकांना हे आढळले आहे. आमच्याकडे भावाला कोणी लठ्ठ म्हणत नसे. 'अंगानं भरलाय' म्हणत, आणि ते कौतुकाने म्हणत.

दुसरा आजार आजीच्या मुलाचा. वैद्यकात त्याला भारतीय बालयकृत-काठिण्य म्हणता येईल. कलकत्त्याच्या डॉ. सेन यांनी १८८७ सालीच त्याचे वर्णन केले होते. पुढची जवळजवळ शंभर वर्षे तो आनुवंशिक, की विषाणूचा, की तुपातुपाच्या खाण्याचा, यावर नुसती चर्चा चालली. एकाच घरातली दोन-दोन, तीन-तीन मुले जात. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. शीला भावे आणि डॉ. आनंद पंडित यांनी इंग्लंडच्या डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्याबरोबर या मुलांचा अभ्यास केला. मुलांच्या यकृतात तांब्याचे प्रमाण कित्येक पटींनी वाढलेले होते. हे तांबे आले कोठून, याचा माग काढत ते स्वयंपाकघरात पोहोचले. ही मुले लहानपणीच वरच्या दुधावर आलेली होती, आणि ते दूध पितळेच्या भांड्यात तापवलेले व ठेवलेले होते. १९८३ च्या 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी हे मांडले.

हे वाचताना मला आमच्या माळ्यावरची चरवी दिसू लागली. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. पूर्वी आमच्याकडे म्हशीचे दूध कासंडीत काढायचे, चरवीत घालायचे, पितळी पातेल्यात तापवायचे आणि चुलीच्या कडेला तसेच ठेवायचे. कल्हईवाला वर्षातून एकदोनदा यायचा, भाता लावायचा, नवसागराचा धूर करायचा आणि कथलाचा हात फिरवून भांडे चांदीसारखे करून द्यायचा. पण घासून घासून कल्हई उडायची, आणि तो पुन्हा येईपर्यंत दूध उघड्या पितळेवरच राहायचे.

येथे मला आपल्या भाषेतला एक शब्द आठवतो : कळकणे. पितळेत ताक ठेवू नये, चिंचेचे सार ठेवू नये, ते कळकते, हे आपल्या प्रत्येक आजीला माहीत होते. हिरवट चव आली की ते ओतून देत. दूध मात्र कळकत नाही. दुधातले प्रथिन तांब्याला धरून ठेवते. चव बदलत नाही, रंग बदलत नाही, आणि तांबे निमूटपणे बाळाच्या पोटात जाते. मोठ्या माणसाचे यकृत जास्तीचे तांबे पित्तावाटे बाहेर टाकू शकते. तान्ह्या मुलाला ते पुरते जमत नाही. आंबट पदार्थांविषयी आपल्या बायकांचे ज्ञान अगदी पक्के होते, आणि दूध आंबट नसल्यामुळेच ते चकले. आईच्या दुधात तर तांबे अगदी थोडे असते.

मग आजीच्या घरी काय घडले असेल? मूल किरकिरे झाले, सासूने ठरवले की आईचे दूध बाधते, त्याला पाचव्या महिन्यात अंगावरून तोडले आणि चरवीतले म्हशीचे दूध सुरू केले. पुढच्या खेपेला आजी चिकोडीजवळच्या माहेरी राहिली आणि मूल दीड वर्ष अंगावर पाजले. ते मूल म्हणजे माझे वडील. पहिल्या मुलाच्या यकृताची तपासणी कोणी केली नव्हती, त्यामुळे त्याला हाच आजार होता असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण वय, लक्षणे आणि दुधाचे भांडे, तिन्ही जुळतात. या आजारात काही आनुवंशिक कलही असावा असे काही तज्ज्ञ मानतात, कारण पितळेतले दूध प्यालेली सगळीच मुले काही आजारी पडत नसत.

हे आजीला सांगावे की नाही, यावर आई आणि माझे दोन दिवस बोलणे चालले होते. आईचे म्हणणे, "झाकली मूठ राहू दे. चोपन्न वर्षं झाली. आता तिला सांगायचं, तुमच्या चरवीनं गेलं म्हणून?" मला ते पटत होते आणि पटत नव्हतेही. भांड्याचा दोष सांगणे म्हणजे त्या भांड्यातून पाजणाऱ्या हाताचाही दोष सांगणे. पण न सांगणे म्हणजे सासूचा निकाल कायम ठेवणे.

मी सांगितले. पुण्याच्या डॉक्टरांपासून सगळे सांगितले. आजीने मधे एकदाच विचारले, "म्हंजे अंगावरचं दूध न्हवं?" मी म्हणाले, "आजी, तेच चांगलं होतं. तेच चालू राहायला हवं होतं." ती बराच वेळ पदराचे टोक बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "मी म्हनलं हुतं त्यास्नी. अजून पाजते म्हनलं हुतं." एवढेच. रडली नाही. सासूबाईंचे नाव घेतले नाही. दुसऱ्या दिवशी मात्र सकाळीच मला उठवून म्हणाली, "त्या पोराचं काय करायचं त्ये सांग आता. ह्यात भांडं कंचं हाय?"

भावाच्या आजारात भांडे कोणते, हा प्रश्न मला कोणत्याही लेखापेक्षा चांगला वाटला.

बेळगावच्या आहारतज्ज्ञ बाईंनी आम्हाला छापील तक्ता दिला होता. बाई चांगल्या होत्या, कानडी-मराठी दोन्ही बोलत होत्या. पण तक्ता कोठल्या तरी दूरच्या गावासाठी छापलेला असावा. ओट्स, ब्रोकोली, ऑलिव्ह तेल. आमच्या आठवडी बाजारात ब्रोकोली विचारली तर भाजीवाली आधी आपल्याकडे पाहील आणि मग आपल्याबरोबरच्या माणसाकडे. शिवाय तक्त्याच्या डोक्यावर भावाचे एकट्याचे नाव होते. बाकीचे घर शिरा खाणार आणि हा एकटा ओट्स खाणार, अशी ती व्यवस्था. ती आठ दिवस चालली. नवव्या दिवशी भाऊ चुलत्यांच्या घरी जाऊन चहा-खारी खाऊन आला.

तेव्हा मी सरांनी दिलेल्या लेखांतला एक पुन्हा काढला. २०१९ साली अमेरिकेत सॅन डिएगो आणि अटलांटा येथे ४० मुलांवर झालेला प्रयोग त्यात आहे. अकरा ते सोळा वयाचे मुलगे, सर्वांच्या यकृतात चरबी. निम्म्यांचे नेहमीचे खाणे चालू ठेवले. उरलेल्यांच्या खाण्यातली वरून घातलेली साखर जवळजवळ काढून टाकली. आठच आठवड्यांत या दुसऱ्या गटातील मुलांच्या यकृतातली चरबी सरासरी २५ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर आली. पहिल्या गटात २१ ची २० झाली. पण मला यातले सर्वांत महत्त्वाचे वाटले ते असे की, प्रयोग करणाऱ्यांनी नुसत्या मुलाचे जेवण बदलले नव्हते. त्याच्या सगळ्या घरासाठी तसे जेवण पुरवले होते. मुलाला गोळी देऊन घर आहे तसे ठेवावे, हा मार्गही पाहून झाला आहे : २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, १७३ मुलांवरील प्रयोगात 'ई' जीवनसत्त्व आणि मेटफॉर्मिन ही दोन औषधे एसजीपीटी टिकाऊपणे खाली आणण्यात नुसत्या साखरेच्या गोळीहून सरस ठरली नाहीत.

साखरेवरच एवढा रोख का, याचे कारण सोपे आहे. साखरेचा अर्धा भाग ग्लुकोज, अर्धा फ्रुक्टोज. ग्लुकोज सगळे शरीर वापरते. फ्रुक्टोजचा निकाल बहुतांशी यकृताला लावावा लागतो, आणि गरजेपेक्षा जास्त आले की यकृत त्याची चरबी करून ठेवते. अख्ख्या पेरूतही फ्रुक्टोज असते. पण ते थोडे असते आणि चोथ्याबरोबर सावकाश येते. सरबताने ते एकदम येते.

आता भांडे शोधायचे. मी भावाने काय काय खाल्ले ते लिहू लागले, पण तो हिशेब काही लागेना. मुलगा दिवसातून दहा वेळा काहीतरी तोंडात टाकतो. मग मी किराणा मालाची यादी काढली. सहा माणसांचे घर. महिन्याला साखर ९ किलो, गूळ ३ किलो. बारा हजार ग्रॅमला सहा माणसांनी आणि तीस दिवसांनी भागले की माणशी रोज सुमारे ६७ ग्रॅम येतात. यात बाहेरची बिस्किटे, कुंदा, करदंट, बेकरीचे बटर-खारी आणि थंड पेयाच्या बाटल्या आल्याच नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलेली मर्यादा दोन हजार उष्मांक खाणाऱ्या माणसाला ५० ग्रॅमची आहे, आणि जमल्यास २५. म्हणजे आमच्या घरात सर्वांत लहान माणसापासून सर्वांत मोठ्या माणसापर्यंत सगळेच त्या रेघेच्या वर होते. भाऊ फक्त पहिला सापडला.

यात नवल नाही. हालसिद्धनाथ, दूधगंगा कृष्णा, हिरण्यकेशी, इतके कारखाने आमच्या पंचक्रोशीत. ऊस घालणाऱ्या सभासदाला सवलतीची साखर मिळते, आणि दिवाळीच्या आधी पोती घरी येतात. आजोबांच्या लहानपणी साखर पाहुण्यापुरती होती. आता पोते संपवायचे म्हणून शिरा होतो. ज्या मुलखाने तंबाखू पिकवून गावे उभी केली, आणि नंतर ऊस लावून घरांवर स्लॅब टाकले, त्याला 'साखर कमी करा' म्हणणे म्हणजे भटजीला दक्षिणा कमी करा म्हणण्यासारखे आहे. माझे वडील स्वतः सभासद आहेत.

आजीने हिशेब ऐकला आणि साखरेचा डबा उचलून देवघराच्या कपाटात ठेवला. किल्ली कनवटीला. "चरवी तवा कुनी काढून ठेवली न्हाई," एवढेच म्हणाली.

पुढचे सगळे सरळ झाले असे नाही. वडील दोन दिवस बिनसाखरेचा चहा न पिता तसेच शेतावर गेले. "गूळ तरी चालंल का?" असे आजीनेच एकदा विचारले, तिला गूळ हा साखरेचा सोवळा भाऊ वाटतो. गुळात लोह वगैरे थोडे असते, पण बाकी बहुतेक साखरच, आणि काकवीही तीच. उसाचा रस तर विचारूच नये. आमच्या चुलत्यांनी आम्हाला चिक्कू ठरवले. पण ओट्सची गरज पडली नाही. जोंधळ्याची भाकरी दोन्ही वेळा परत आली, मटकी आणि चवळीची उसळ, पुंडीची भाजी (मराठीत अंबाडी, पण आमच्या गल्लीत ती पुंडीच), कुळथाचे माडगे, ताक, नाचणीची आंबील. संध्याकाळी बटर-खारीऐवजी मूठभर भाजलेल्या शेंगा किंवा फुटाणे, नाहीतर पेरू. भात एक वाढप. सणाला पुरणपोळी झाली आणि सगळ्यांनी खाल्ली. दुसऱ्या दिवशीसाठी उरवली नाही.

उपाशी मात्र त्याला कधी ठेवले नाही. वाढत्या मुलाचे वजन भराभर उतरवणे हे डॉक्टरांना नकोच होते. उंची वाढू द्यायची आणि वजन तेथेच धरून ठेवायचे, म्हणजे मूल आपोआप आपल्या मापात येते. रोज तासभर सायकल किंवा कबड्डी, हेही त्यांनी औषधासारखे लिहून दिले होते. ते एकच पथ्य भावाने पहिल्या दिवसापासून आनंदाने पाळले.

सहा महिन्यांनी त्याची उंची चार सेंटिमीटर वाढली होती, वजन एक किलोने कमी झाले होते, आणि एसजीपीटी ४४ वर आले होते. सोनोग्राफीत चरबी अजून 'किंचित' आहे. डॉक्टर म्हणाले, आणखी सहा महिने. घरात महिन्याला साखर-गूळ मिळून ४ किलो येते, म्हणजे माणशी २२ ग्रॅम. राहिलेले पोते आजीने लग्नघरी देऊन टाकले. त्यावर माझे आणि तिचे मतभेद आहेत, कारण तेथेही मुले आहेतच.

पुण्याच्या लेखांमागोमाग मी ऑस्ट्रियातील टायरोल प्रांताची एक हकिगत वाचली. तेथेही १९०० ते १९७४ या काळात १३८ लहान मुले अशाच यकृताच्या आजाराने दगावली. तेथल्या शेतकऱ्यांच्या घरीही गाईचे दूध तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवत, आणि भांडी बदलल्यावर आजार संपला. हे १९९६ साली प्रसिद्ध झाले. आल्प्सच्या डोंगरातल्या आया आणि निपाणीजवळची माझी आजी यांनी एकच गोष्ट केली होती, हे मी तिला सांगितले. तिला आल्प्स कळला नाही. "तिकडंबी सासवा असतील," म्हणाली.

आपल्याकडे तो आजार १९९० नंतर दिसेनासा झाला. १९८७ साली पुण्याच्याच मंडळींनी पेनिसिलामाइन या औषधाने लवकर सापडलेली काही मुले सुधारतात असे दाखवले होते. पण खरे काम केले ते स्टीलने. आणि स्टील काही यकृतासाठी आले नव्हते. बोहारीण जुन्या कपड्यांवर पातेले देत होती, त्याला कल्हई लागत नव्हती, ते चमकत होते. साखरेच्या बाबतीत अशी बोहारीण येण्याची वाट पाहता येत नाही. सीबीएसईने २०२५ साली शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितले आहे. आमच्या गावच्या शाळेच्या फाटकासमोर मात्र दोन बेकऱ्या आहेत.

हा आजार घराण्यात चालतो म्हणून डॉक्टरांनी वडिलांनाही तपासणी करायला सांगितली. वडील हडकुळे आहेत. त्यांनी आधी हसण्यावारी नेले. त्यांचा अहवाल ग्रेड टू आला. भाऊ आता त्यांना एका वर्गाने पुढे गेल्याबद्दल चिडवतो. घरचा चहा त्यांनी बिनसाखरेचा केला आहे. निपाणीच्या स्टँडवर ते दिवसाला किती कप घेतात, हे भाऊ रोज रात्री विचारतो, आणि वडील उत्तर देण्याआधी सायकलच्या चेनला तेल आहे का ते पाहू लागतात.